समुद्राची सुट्टी

वर्षातून एक दिवस लेंबोंगान बेटाचा समुद्र सुट्टीवर असतो. चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेला सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत पाण्यात कुणी उतरायचं नाही. होडी नाही, जाळं नाही, शेवाळाची काढणी नाही, पोहणं तर नाहीच नाही. वर्षभर सगळे त्याच्या अंगाखांद्यावर नाचतात, एक दिवस बिचाऱ्याला निवांत पडू द्यावं, एवढंच त्यामागे आहे.

ही गोष्ट परदेशी पाहुण्यांच्या डोक्यात भरवायचं काम ग्वेंडाने आपणहून अंगावर घेतलं होतं. सांगितलं कुणीच नव्हतं. होडीच्या एका जुन्या फळीवर निळ्या रंगाने, चार भाषांत, तिच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असे: ‘आज समुद्राला सुट्टी आहे. कृपया पाण्यात उतरू नये. आपण इथे पाहुणे आहोत.’ पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती फळी काखोटीला मारून किनाऱ्याच्या वाटेवर नेऊन ठोकायची, दोन पावलं मागे जाऊन सरळ बसलीय का पाहायची, आणि मग घरी यायची. मायदेशी गिलाँगच्या शाळेच्या ग्रंथालयात ‘शांतता राखा’च्या पाटीखाली अठ्ठावीस वर्षं बसलेली बाई ती. माणूस देश सोडतो, पाटी सोडत नाही.

बेटावर येऊन तिला बारा वर्षं झाली होती. बाहेरून येऊन राहिलेल्या मंडळींत वर्षांना फार मान. दोन वर्षंवाला चार वर्षंवाल्यासमोर जपून बोलतो, आणि बारा वर्षंवाली कॉफीच्या दुकानात शिरली की कुणीतरी उठून तिला पंख्याखालची खुर्ची देतो. ग्वेंडा ती खुर्ची घ्यायची. कोंबडे पहाटे आरवतात म्हणून कुरकुरणाऱ्या नव्या माणसाला ती म्हणायची, “कोंबडे तुझ्या आधीपासून आहेत बाळा.” मग सगळे हसायचे, आणि तिला आतून ऊब आल्यासारखं व्हायचं. मी ह्यांच्यातली नाही, मी तिकडची, असं ते ऊब येणं होतं.

‘तिकडची’ म्हणजे रस्मिनीच्या घरची. रस्मिनी आणि तिचा नवरा सुदार्ता यांच्या अंगणात, मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत ती राहायची. नवराबायको दोघंही समुद्री शेवाळाची शेती करणारी. रस्मिनीचा आवाज सगळ्या वाडीत प्रसिद्ध. ती नवऱ्यावर ओरडायची, डुकरांवर ओरडायची, पाऊस वेळेवर आला नाही तर देवघराकडे तोंड करून देवांनाही दोन शब्द सुनवायची. फक्त ग्वेंडाशी बोलताना त्या आवाजाला मध लागायचा. “बू ग्वेन, जेवलात का?” “बू ग्वेन, ऊन आहे हो, टोपी घ्या.” बू म्हणजे बाईसाहेबही आणि आईही. ग्वेंडा त्याचा अर्थ आई असाच लावायची.

सुदार्ता मुलखाचा अबोल. पण वर्षातून एक दिवस त्याची मान ताठ असायची. सुट्टीच्या दिवशी समुद्रावर पहारा देणाऱ्यांत तो होता. कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकडीचं वस्त्र बांधून धक्क्यावर उभा राहिला, की हाच माणूस बायकोची बोलणी खाली मान घालून खातो हे कुणाला सांगून पटलं नसतं. ते वस्त्र रस्मिनी स्वतः धुवायची, स्वतः इस्त्री करायची, आणि तेवढा दिवस नवऱ्याला काही बोलायची नाही.

त्या वर्षी सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेसहाला ग्वेंडा समुद्रात पोहली.

का, याला चांगलंसं कारण नव्हतं. नंतर तिने पुष्कळ शोधलं. उकडत होतं, हे खरं. रोज सकाळी पोहायची सवय, हेही खरं. पण तसं तर अकरा वर्षं उकडलंच होतं. झालं एवढंच, की खारफुटीमागच्या लहानशा खाडीपाशी ती नुसती बघायला म्हणून गेली, आणि समोर पाणी पसरलं होतं. एक होडी नाही, इंजिनाची घरघर नाही, डिझेलचा तवंग नाही. बारा वर्षांत तिने असं पाणी पाहिलं नव्हतं. कसं पाहणार? रोज त्यात माणसं असायची, आणि सुट्टीच्या दिवशी ती कधी इकडे फिरकलीच नव्हती. आज कुणी नव्हतं, कारण सगळ्यांनी नियम पाळला होता. सगळ्यांनी पाळलाय तर एकटीने मोडला म्हणून समुद्राला काय कळतंय, असं काहीसं तिच्या मनात आलं. नीट शब्दांत नाही आलं. शब्दांत आलं असतं तर ती परत फिरली असती. पोहण्याचा निळा पोशाख तिने झग्याच्या आत घातलेला होता, तो का घातला होता, हेही तिने स्वतःला विचारलं नाही.

वीस मिनिटं. काचेसारखं पाणी. फार सुंदर होतं, हे सांगितलंच पाहिजे.

परतताना अंगणात रस्मिनी झाडत होती. तिने वर पाहिलं.

“आंघोळ झाली वाटतं, बू ग्वेन?”

“हो ना, फार उकडत होतं.”

“उकडतंय खरं,” रस्मिनी म्हणाली आणि पुन्हा झाडायला लागली.

ग्वेंडाने पोशाख पिळून मागच्या दोरीवर वाळत घातला. दोरीच्या पलीकडे कुंपण, कुंपणापलीकडे वाट. आपल्याकडे कुणी बघत नाही अशी खात्री असलेल्या माणसासारखा तिने तो टांगला, दोन्ही खांदे ताणून, नीट चिमटे लावून.

पुढच्या आठवड्यात घरात काहीतरी विधीची तयारी सुरू झाली. बेटावर विधी तर रोजचेच, त्यामुळे ग्वेंडाला नवल वाटलं नाही. सुदार्ता तीन दिवस शेवाळाकडे गेला नाही, बदक आणलं, नारळ उतरवले. रस्मिनी माडाच्या कोवळ्या पानांच्या परड्या विणायला बसली, शेजारणी आल्या.

“कसली पूजा?” ग्वेंडाने विचारलं.

“घरातलीच. लहानशी.”

“मी पण विणते.”

शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं. रस्मिनी हसली, सरकून जागा केली. “बसा ना. किती बरं वाटलं.”

ग्वेंडा तीन दिवस विणत बसली. पान दुमडायचं, बांबूच्या काडीने टोचायचं, कडा कापायची. तिच्या परड्या एका बाजूला कलंडायच्या. “छान झाली, बू ग्वेन, फारच छान,” रस्मिनी प्रत्येक वेळी म्हणायची. तिसऱ्या दिवशी पाणी प्यायला म्हणून ग्वेंडा स्वयंपाकघराच्या मागे गेली, तेव्हा रस्मिनीची जाऊ तिथे पाठमोरी बसून एकेक परडी उसवून पुन्हा विणत होती. सगळ्या कलंडलेल्या. ग्वेंडा पाणी न पिताच परत आली. थोडं लागलं तिला, पण आपल्या मनाला दुखवू नये म्हणून किती जपतात, असंही वाटलं, आणि त्या जपण्याचाच तिला पुन्हा अभिमान वाटला.

पूजा किनाऱ्यावर झाली. तिला कुणी बोलावलं नाही. घरचं काहीतरी खासगी असेल म्हणून तीही गेली नाही.

खरी गोष्ट तिला योस्टने सांगितली. योस्ट हा डच, पाण्याखाली पोहायला शिकवायचं दुकान चालवणारा, नऊ वर्षं बेटावर. कॉफीच्या दुकानात तो मोठ्याने हसतच आला.

“या या! गुन्हेगार बाई!”

“काय झालं?”

“आता सोंग नको. सुट्टीच्या दिवशी पोहलीस म्हणे. माझ्या होडीवाल्याने सांगितलं. अख्ख्या वाडीला माहीत आहे गं. तुझा तो निळा पोशाख दिवसभर दोरीवर झेंड्यासारखा फडकत होता.”

ग्वेंडाने कप खाली ठेवला. “मग... मला कुणी काही बोललं नाही.”

“तुला कशाला बोलतील? आपल्याला कुणी बोलत नाही. ज्याच्या घरात राहतो त्याला धरतात. तुझा घरमालक उभा राहिला की वाडीच्या बैठकीत हात जोडून. म्हणाला, बाई वयस्कर आहेत, सुट्टीचं सांगायला मीच विसरलो, चूक माझी. क्षमेची पूजा घातली त्याने समुद्राला. आणि पहाऱ्याचं ते चौकडीचं वस्त्र प्रमुखांच्या पायाशी ठेवून आला.”

“सांगायला विसरला? पण पाटी तर मी...”

“तीच तर गंमत!” योस्टने मांडीवर थाप मारली. “बैठकीच्या मंडपाबाहेरच टेकून ठेवली होती म्हणे तुझी पाटी. चार भाषांत! आणि हा सांगतोय, तिला माहीत नव्हतं. सगळे गप्प. कुणी हसलंसुद्धा नाही. थोर लोक आहेत.” मग तिचं तोंड पाहून त्याने आवाज उतरवला. “अगं मनाला लावून घेऊ नकोस. मी पण पोहलोय एकदा. आपण सगळेच कधी ना कधी पोहतो.”

त्याला ग्वेंडाचं सांत्वन करायचं होतं. पण तो ‘आपण’ तिला असा बसला, की ती पंख्याखालच्या खुर्चीतून उठली आणि कॉफी तशीच टाकून निघाली.

वाटेत तिला त्या परड्या आठवल्या. तीन दिवस मान मोडेपर्यंत बसून तिने आपल्याच अपराधाच्या माफीच्या परड्या विणल्या होत्या, आणि समोरच्या सहा बायकांना ते ठाऊक होतं, आणि सहाच्या सहा जणी म्हणाल्या होत्या, छान झाली. कानाच्या पाळ्यांपासून तळपायापर्यंत ती पेटल्यासारखी झाली. वाटेवर भेटणारं प्रत्येक माणूस नेहमीसारखं हसून विचारत होतं, “कुठे निघालात, बू ग्वेन?” बारा वर्षं ह्या प्रश्नाने तिला बरं वाटायचं.

रस्मिनी अंगणात ताडपत्रीवर शेवाळ पसरत होती.

“रस्मिनी, तुला माहीत होतं. त्या सकाळी.”

रस्मिनीने हात थांबवले नाहीत. “तुमच्या कानामागे मीठ वाळलं होतं, बू ग्वेन. न्हाणीघरातल्या पाण्याने मीठ येत नाही.”

“मग विचारलं का नाहीस सरळ?”

“विचारलं की.”

ग्वेंडाला ती सकाळ आठवली. आंघोळ झाली वाटतं. हो ना.

“दुसऱ्यांदा विचारलं असतं तर दुसऱ्यांदा खोटं बोलला असतात,” रस्मिनी म्हणाली. आवाजात तोच मध. “कशाला ते. तुम्ही पाहुण्या आहात. पाहुण्यांचं होतं असं. पूजा झाली, समुद्राने घेतलं. ह्यांचं वस्त्रही प्रमुख पुढच्या बैठकीत परत देणार आहेत, तसं कानावर आलंय. आता त्याला हात लावू नका. ऊन लागतंय तुम्हाला, आत जा.”

आत जाऊन ग्वेंडा खाटेवर बसली. तिला रडू आलं, पण ते अपराधाचं की ‘पाहुण्या’ या शब्दाचं, हे तिचं तिलाच कळेना, आणि न कळण्याचीही लाज वाटली. पाटीवर तिनेच लिहिलं होतं ना, आपण इथे पाहुणे आहोत. त्या ‘आपण’मध्ये तिने स्वतःला कधी धरलंच नव्हतं.

हात लावू नका, असं रस्मिनीने स्वच्छ सांगितलं होतं. पण ग्वेंडा ज्या मुलखात वाढली तिथली शिकवण अशी, की चूक केली तर उभं राहून चारचौघांत कबूल करावी, म्हणजे माणूस मोकळं होतं. सुदार्ताने तिच्यासाठी दोष घेतला होता. तो त्याच्या डोक्यावरून उतरवला पाहिजे, एवढं तिला दिसत होतं. एवढंच दिसत होतं. पंधरा दिवस तिने वाक्यं पाठ केली. त्या पंधरा दिवसांत सुदार्ता समोर आला की ती हटकून खोलीत शिरायची, आणि तोही विहिरीकडे वळायचा.

बैठक दुपारची होती. मंडपात चाळीसेक पुरुष मांड्या घालून बसलेले, कडेला बायका कॉफीचे पेले मांडत होत्या. ग्वेंडा रीतसर लुंगी नेसून, कमरेला ओढणी बांधून आली आणि पायरीशी उभी राहिली. वाडीचे प्रमुख, पाक विरात्मा (बायकांना बू, तसं पुरुषांना पाक), बोलता बोलता थांबले.

“बू ग्वेन? काही अडलंय का?”

“मला बोलायचंय,” ती म्हणाली. तिसऱ्या रांगेत सुदार्ता होता, त्याच्या कमरेला साधी पिवळी ओढणी. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि अगदी किंचित मान हलवली. नको. तिला ती मान दिसली, पण पाठ केलेली वाक्यं तोंडाशी येऊन उभी होती.

“पाक सुदार्तांचा काही दोष नाही. ते सांगायला विसरले नव्हते. मला सगळं माहीत होतं. पाटी मीच लिहिली. मी जाणूनबुजून पाण्यात उतरले. शिक्षा मला द्या.”

बोलून झालं. आत कुठेतरी एक गाठ सुटली, खरंच सुटली. तिने श्वास घेतला.

मग तिच्या लक्षात आलं की कुणीच तिच्याकडे बघत नाहीये. चाळीस पुरुष चटईकडे बघत होते. एकजण पेल्यातली नसलेली कॉफी ढवळत होता. सुदार्ताचं तोंड राखेसारखं झालं होतं.

विरात्मा अगदी हळू म्हणाले, “बू ग्वेन, पाटी आम्हालाही वाचता येते.”

“मग...”

“सुदार्ता म्हणाला, विसरलो. आम्ही म्हटलं, बरं. सगळ्यांना ठाऊक होतं काय ते. पण कुणी उघड बोललं नव्हतं, तोवर ते झाकलेलं होतं. आता तुम्ही झाकण काढलंत. आता सुदार्ता बैठकीत खोटं बोलला, असं झालं.” त्यांनी कपाळ चोळलं. मांडीशेजारी एक घडी घातलेलं वस्त्र होतं, काळ्या-पांढऱ्या चौकडीचं. ते त्यांनी आज द्यायलाच आणलं होतं. त्यांनी ते उचललं आणि पाठीमागे सरकवलं. “हे राहू दे माझ्याकडे पुढल्या वर्षापर्यंत. त्यानंतर बघू. बसा, बू ग्वेन. उन्हातून आलात. अहो, कुणीतरी पाणी द्या त्यांना.”

आणि खरोखर कुणीतरी तिला पाणी दिलं, शिवाय बशीत केळ्याचं भजं. ते भजं हातात घेऊन ती उभी राहिली. खावं की नाही, ठेवावं तर कुठे, काही कळेना. तिच्या आयुष्यात याहून जड असं काही तिने हातात धरलं नव्हतं.

बातमी तिच्याआधी घरी पोहोचली होती. वळणावरच रस्मिनी उभी होती, कमरेवर हात ठेवून, आणि कुंपणाकुंपणावर शेजारणी.

“आलीस?”

मध नव्हता.

“रस्मिनी, मला वाटलं की...”

“तुला वाटलं! बारा वर्षं झाली, बारा! बारा वर्षांत डुकराला कळतं कुठे तोंड घालायचं नाही! मी सांगितलं होतं ना, हात लावू नकोस? कुठल्या भाषेत सांगायला हवं होतं, पाटी लिहायला हवी होती का, चार भाषांत?”

कुंपणावर कुणीतरी खुदकन हसलं.

“तू हसू नकोस गं, तुझ्या नवऱ्याचं मला माहीत आहे!” रस्मिनी तिकडे गरजली आणि पुन्हा वळली. “तुला हलकं व्हायचं होतं. झालीस? बरं वाटलं? आणि ते ओझं उतरवून ठेवलंस कुठे? ह्यांच्या डोक्यावर! तो माणूस वर्षात एक दिवस मान वर करून उभा राहतो. एक दिवस! तोही खाल्लास. आधी पोहून खाल्लास, मग उरलेला कबूल करून खाल्लास!”

ग्वेंडा मान खाली घालून उभी राहिली. शब्दागणिक ती लहान होत गेली. आणि खरी लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे: त्या ओरड्याच्या मधोमध, एका क्षणापुरतं, तिला सुख झालं. ही माझ्यावर ओरडतेय. डुकरांवर, देवांवर, नवऱ्यावर ओरडते तशी. लगेच तिला स्वतःची शिसारी आली. सुदार्ताची मान खाली गेली, आणि ती त्यातून आपल्यासाठी काय मिळतंय ते वेचत होती. समुद्र मोकळा दिसला तेव्हा तिने हेच केलं होतं.

“मी दुसरीकडे राहायला जाऊ का?” तिने विचारलं.

“जा! जा की! म्हणजे लोक म्हणतील, रस्मिनीने म्हातारीला घराबाहेर काढलं. ते एक राहिलंय.” रस्मिनीने शेवाळाच्या ओल्या हातानेच तोंड पुसलं. दम लागला होता तिला. “ह्यांना परवापासून पुन्हा तीन दिवस पूजेत घालवावे लागणार. दोरांना रोपं कोण बांधणार? उद्या ओहोटी सहाला आहे. त्याआधी किनाऱ्यावरच्या छपराखाली येऊन बस.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना ग्वेंडा किनाऱ्यावरच्या छपराखाली चार बायकांच्या मधे बसली. शेवाळाचा मूठभर झुबका घ्यायचा, दोरातल्या फासात अडकवायचा, गाठ मारायची. ढिली राहिली तर लाट ओढून नेते, घट्ट झाली तर रोप तुटतं. पाऊण तासातच बोटं सुजली. मिठाने कातडी चरचरत होती.

“बू ग्वेन,” जाऊबाई दुसरीकडे बघत म्हणाली, “आज समुद्र उघडा आहे हो. निळा पोशाख आणलात का?”

छपराखाली हसू फुटलं. पोट धरून हसल्या सगळ्या. ग्वेंडाही हसली, कान मात्र तापले होते, आणि ते बराच वेळ तापलेलेच राहिले.

तेवढ्यात सुदार्ता दोरांचं वेटोळं न्यायला आला. हसणं थांबलं. ग्वेंडाने मान वर केली. त्याने वेटोळं उचललं, खांद्यावर टाकलं, बायकोला “ओहोटी लागली” एवढंच म्हणाला आणि पाण्याकडे निघाला. ग्वेंडाकडे त्याने पाहिलं नाही. रागाने नाही, कशानेच नाही. ती ज्या बाजूला बसली होती ती बाजू त्याच्यापुरती तिथे नव्हतीच. तो गुडघाभर पाण्यात शिरेपर्यंत ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. हे किती दिवस चालेल, हे विचारायचीही सोय नव्हती.

“बघतेस काय?” रस्मिनीने तिच्या मांडीवरचा दोर ओढून घेतला, एकेक गाठ अंगठ्याने दाबून पाहिली. चौथ्या गाठीपाशी थांबली. पाचवी पाहिली. मग सगळा दोर झटक्यात उसवला, रोपं तिच्या पुढ्यात टाकली आणि दोर तिच्या अंगावर फेकला.

“वाईट आहेत. पुन्हा बांध.”

ग्वेंडाने दोर उचलला आणि पहिल्या फासापासून सुरुवात केली.